आसरांची वहिनी

नामपूर, ६ मार्च

ताई,

तुझा पत्ता तुझ्या मैत्रिणीकडून, वल्लरीकडून काढला. तिच्यावर रागावू नकोस, मी तिला फार छळलं. आधी म्हणाली, लातूरला असते एवढंच माहीत आहे. मग गल्लीसकट सगळं सांगितलं. तू नंबर बदललास, आम्हा सगळ्यांना ब्लॉक केलंस, म्हणून हे पत्र. शेवटचं पत्र शाळेत मार्कांसाठी लिहिलं होतं, त्यामुळे चुका काढू नकोस.

तुला जाऊन दोन वर्षं झाली. आपल्या खोलीत तुझा पलंग तसाच आहे, मम्मी त्याच्यावर वाळलेले कपडे टाकते. पप्पांनी तुझ्या नावानं अंघोळ केली हे तुला कुणी ना कुणी सांगितलंच असेल. मी दारात उभी होते. मेलेल्या माणसासाठी करतात तसं त्यांनी डोक्यावरून पाणी घेतलं, कपडे बदलले आणि ठिबकच्या नळ्या विकायला दुकानात गेले. रोहितदादा आपल्या जातीतले असते तर याच पप्पांनी तुमच्या लग्नाला मांडव घातला असता. मला राग त्याचा नाही. तू मला सांगितलं नाहीस, याचा आहे. एकाच खोलीत झोपायचो आपण.

मी सध्या नामपूरला कुसाआजीकडे आहे. पप्पांची आत्या, तुला आठवत असेल, लग्न न झालेली, कमी बोलणारी. न्हाणीत घसरली, खुब्याचं ऑपरेशन झालं, आता वॉकर धरून चालते. मी नीटची परीक्षा दोनदा देऊन दोनदा पडले, तेव्हा घरात ठरलं की पूजा रिकामीच आहे, तिला पाठवा. खरं कारण तुला कळेल. एक मुलगी गेली, दुसरी जाऊ नये म्हणून मला मळ्यात आणून ठेवलंय.

मळ्यातलं घर दोन खोल्यांचं, वर पत्रा. पुढे कांदा, त्याच्या पलीकडे मोसम नदी. नदी म्हणजे नुसती वाळू. एका वळणावर तेवढा डोह आहे, तो आटत नाही म्हणे. काठाला शेंदूर लावलेले सात दगड आहेत, त्यांच्या बाजूला एक लहानसा आठवा. आजीला आंघोळ घालायला रंगूबाई येते, तिनं पहिल्याच दिवशी बजावलं, "भर दुपारले तठे जाऊ नको, पोर. आसरा शेतस तठे."

आसरा म्हणजे पाण्यातल्या सात बहिणी. लहानपणी आपल्याला विहिरीत डोकावू देत नसत, ते यांच्याच नावानं.

पण घरात फोनला रेंज नाही आणि डोहाच्या खडकावर आहे. आजी झोपते दुपारी. त्यामुळे मी दुपारीच जाते.

उत्तर दे. नाही दिलंस तरी मी लिहिणार आहे.

पूजा


नामपूर, २० मार्च

ताई,

उत्तर नाही. ठीक.

इथे एक मुलगा भेटला. अशी सुरुवात केली की तू वाचशील, हे मला माहीत आहे.

खडकावर बसून फोन बघत होते. चप्पल पायातून सुटून पाण्यात पडली आणि बुडाली. चप्पल बुडते का कधी? मी वाकून बघतेय, तोवर पलीकडच्या कडेला पाण्यात उभा असलेल्या एकानं ती हातात धरून दाखवली. तो तिथे कधी आला ते मी पाहिलं नव्हतं. माझ्याच वयाचा असेल. रंग सावळा, केस मागे वळवलेले, अंगात पांढरी बंडी. मासे धरत असावा असं वाटलं, पण जाळं नव्हतं.

"घे की," म्हणाला. मी हात पुढे केला, त्याच्या हाताला हात लागला. ताई, फ्रीजमधली बाटली धरल्यासारखा गार. बाहेर चाळीसच्या वर ऊन.

मग रोज भेटतो. तो कमरेभर पाण्यात किंवा पाण्यातल्या दगडावर, मी खडकावर. फार गोष्टी विचारतो. सटाण्याला नवं टॉकीज झालं का, नाशिकला दुमजली घरं किती, मुली खरंच एकट्या कॉलेजात जातात का. मला वाटलं थट्टा करतोय. फोन दाखवला तर म्हणाला, आरशात माणसं कशी कोंडली? मग मात्र मी हसले नाही, कारण त्याचा चेहरा खरा होता.

त्याचा फोटो काढला. फोटोत दगड आला, पाणी आलं, तो आला नाही. ऊन समोरून होतं, म्हणून असेल.

तू रोहितदादांना पहिल्यांदा बघितलंस तेव्हा पोटात काय झालं होतं, ते मी विचारणार होते. तू होतीस कुठे विचारायला?

पूजा


नामपूर, ५ एप्रिल

ताई,

त्याचं नाव सांगते, पण हसू नकोस. गोटीराम. मी हसले होते. आजकाल कुणी ठेवतं का असलं नाव? तो रागावला नाही. म्हणाला, आजीनं ठेवलं होतं, देवीच्या साथीत घरातली पोरं जात होती, म्हणून दगडाचं नाव. देवीची साथ म्हणजे काय ते मी घरी येऊन कुसाआजीला विचारलं. तिनं दंडावरचा जुना व्रण दाखवला, लस टोचलेला. "आता ती ऱ्हायली नाही," म्हणाली, "तू कुठं ऐकलं?" मी म्हटलं, फोनवर.

एक गोष्ट तुला सांगावीशी वाटते. तो वाळूवर पाय ठेवत नाही. कधीच नाही. मी एकदा गंमत म्हणून त्याचं मनगट धरून ओढलं, तर केवढा घाबरला. ओठ पांढरे पडले. मग म्हणाला, "मना वरीस तठे उभा शेतस." माझी वर्षं तिथे उभी आहेत. त्यानं हात करून वाळू दाखवली, तिथे कुणी नव्हतं. पण त्या दिवसापासून वाळू तुडवत घरी जाताना मला गर्दीतून वाट काढल्यासारखं वाटतं.

तू म्हणशील, बावळट, तुला अजून कळलं नाही? ताई, भर बाराला सावली कुणाचीच पडत नाही. त्याची पडत नाही हे मला कसं कळणार होतं?

आणि कळलं असतं तरी. तो माझं ऐकतो. मी नापास झाले ते सांगितलं, तू गेलीस ते सांगितलं, घरात तुझं नाव घ्यायचं नसतं तेही सांगितलं. तो म्हणाला, माझंही कुणी घेत नसेल. असं म्हणून त्यानं माझी वेणी पुढे घेतली आणि तिचं टोक पाण्यात बुडवलं. आम्ही दोघं ते पाहत बसलो. एवढंच झालं. तरीही मला रात्री झोप लागली नाही.

माझी तब्येत बरी आहे. थोडं जेवण कमी झालंय, उन्हामुळे.

पूजा


नामपूर, १५ एप्रिल

ताई,

मागच्या पत्रात एक लिहायचं टाळलं. त्यानं मला बोरं दिली होती. ओंजळभर, ताजी, लालसर, वर पाण्याचे थेंब. एप्रिलात बोरं नसतात हे मलाही कळतं. मी खाल्ली. इतकी गोड होती की डोळ्यांत पाणी आलं. तेव्हापासून घरातलं काही गोड लागत नाही, तिखट लागत नाही, खारट लागत नाही. रंगूबाईच्या खुडा मिरचीच्या झणझणीत ठेच्याशी भाकरी मी कागद चावावा तशी चावते.

केस वाळत नाहीत. सकाळी धुतले तरी संध्याकाळी टोकांतून पाणी गळतं. उशी ओली होते. आजी बघते.

आता मुख्य सांगते. काल तो दिसला नाही. डोहाच्या उतारावर सात बायका बसल्या होत्या, हिरवी लुगडी, केस मोकळे. मला वाटलं कपडे धुतायत. आपटल्याचा आवाज येत होता, पण हातात कपडे नव्हते. मी त्यांचे चेहरे बघितले, एकेक करून नीट बघितले, आणि आता आठवायला जावं तर काहीच आठवत नाही. लुगड्यांचे काठ तेवढे आठवतात. त्यांच्यातून पाणी गळत होतं.

त्यातली एक म्हणाली, "आली का वहिनी?"

दुसऱ्या हसल्या. प्रेमानं हसल्या, ताई, आपल्या आत्या नव्या सुनेला हसतात तशा. एकीनं जागा करून दिली. मी बसले. मला उठता आलं असतं, असं आता लिहिताना वाटतंय, तेव्हा ते सुचलंच नाही.

त्यांनी मला समजावून सांगितलं. सात बहिणींना भाऊ नव्हता. मग भाऊ मिळाला. पण नुसत्या भावानं माहेर होत नाही. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सगळ्या सासुरवाशिणी माहेरी जातात, झोके बांधतात, यांनी कुठे जायचं? "वहिनीशिवाय माहेर कसलं?" ती पहिली म्हणाली. "या आखाजीला हळद लावू."

मी विचारलं, गोटीरामला हे हवंय का? त्या म्हणाल्या, त्यालाच विचार. मागे वळले तर तो पाण्यात उभा होता, मान खाली घालून. "एकट्याले करमत नाही," एवढंच म्हणाला.

आज सकाळी नखं पिवळी झालेली दिसली. साबणानं घासली. जात नाही.

ताई, तू लिही ना काहीतरी. शिव्या दे.

पूजा


नामपूर, २१ एप्रिल

ताई,

कुसाआजीला नाव सांगितलं. सांगितलं म्हणजे तोंडातून निघून गेलं. तिला औषध देत होते. तिनं माझा हात धरला, नखं बघितली, हुंगली आणि विचारलं, "कोण?" मी म्हणून गेले, "गोटीराम."

तिनं औषधाची वाटी बाजूला सारली. मग म्हणाली, "डोळ्याच्या वर तीळ शे?"

आहे. डाव्या डोळ्याच्या वर.

आपल्याला लहानपणापासून माहीत होतं ना, की आजीचं ठरलेलं लग्न मोडलं? मोडलं नव्हतं. नवरदेव बुडाला होता. आणीबाणीच्या दुसऱ्या वर्षी, आखाजीचं लग्न, दोन्ही घरं नामपुरातलीच. त्याला सकाळी हळद लागली. उरलेली उष्टी हळद वाजतगाजत हिच्या घरी आली, हिच्या अंगाला लावली. तिकडे त्याच्या अंगाची आग होत होती. हळद लागलेल्या नवरदेवानं एकट्यानं बाहेर पडायचं नसतं, पण एकोणीस वर्षांचा पोरगा कुणाचं ऐकतोय. सगळे जेवायला बसले असताना नदीवर एक बुडी मारून येतो म्हणून गेला. बंडी काठावर सापडली. तो सापडला नाही. गावातले पट्टीचे पोहणारे उतरले, तळाला हात लागेना म्हणाले.

हिची हळद कुणी उतरवलीच नाही. सगळे तिकडे धावले होते. नंतर हिलाच अवदसा ठरवलं, त्यामुळे दुसरं स्थळ आलं नाही. तिचं तिनं धुऊन काढलं, पंधरा दिवसांनी, ह्याच मळ्याच्या विहिरीवर.

"तुझ्याशी बोलतो?" तिनं विचारलं.

"हो."

"कसा दिसतो?"

मी सांगितलं. केस, बंडी, आवाज. सांगताना माझाच आवाज मला ऐकवेना. ती एखाद्या मुलीसारखी ऐकत होती, ताई. पासष्टीची बाई. मग तिनं सरळ विचारलं, "तो तुले बोलावस का?"

मी नाही म्हटलं.

मला माहीत आहे तू काय म्हणशील. पण तिचा तो पन्नास वर्षांपूर्वीचा. आता तो ज्याची वाट बघतो ती मी आहे. माझ्यासाठी आजवर कुणी वाट बघितली? तूसुद्धा नाही.

हे पत्र फाडणार होते. फाडत नाही.

पूजा


नामपूर, २५ एप्रिल

ताई,

हे स्पीड पोस्टानं पाठवतेय. काळजीचं काही नाही.

मम्मीचा गुडघा दुखतो, तिला बसून भांडी घासायला स्टूल हवंय, पप्पा आणणार आणणार म्हणतात. तू आणून दे. पप्पांना बीपीची गोळी सकाळची असते, ते दुपारी घेतात. माझी पुस्तकं पुढच्या गल्लीतल्या मुलीला द्या, ती यंदा बारावीला आहे.

बुधवारी आखाजी आहे. रंगूबाईनं कडुनिंबाला झोका बांधलाय. मी खूप आनंदात आहे, हे तुला कळावं म्हणून लिहितेय. इथल्या गोष्टी आता मला जरा लांबच्या वाटतात. रंगूबाई बोलते तेव्हा ओठ हलताना आधी दिसतात, आवाज मागून येतो.

तू मला न सांगता गेलीस. मी तुला सांगून जातेय. माझं मन तुझ्यापेक्षा मोठं आहे, हे लक्षात ठेव.

पूजा


इंदिरानगर, नाशिक, २० मे

ताई,

मी घरी पोचले. पप्पा नाशिकच्या स्टँडवर घ्यायला आले होते.

आखाजीच्या दिवशी माझं पत्र वाचून तू आलीस आणि संध्याकाळच्याच गाडीनं परत गेलीस. सुट्टी नव्हती म्हणालीस. मला वाटतं तुला भीती वाटत होती, आणि त्यात काही चूक नाही. जाताना तू विचारलंस की तिथे नेमकं काय झालं. तू म्हणालीस, तुला फक्त मी पाण्यात गळ्यापर्यंत गेलेली दिसले आणि कुसाआजी रिकाम्या पाण्याशी भांडताना दिसली. तो म्हातारा कुठून आला ते तुला कळलं नाही. तेव्हा माझे दात वाजत होते, मी काही सांगू शकले नाही. आता सांगते.

सकाळी आजी झोपलेली बघून मी निघाले. ती झोपली नव्हती, हे नंतर कळलं. डोहावर सगळं तयार होतं. सात जणींनी माझ्या हातात हिरव्या बांगड्या भरल्या, अंगाला हळद लावली. हळद गार होती. त्या एकमेकींना मस्करीत ढकलत होत्या, मला "वहिनी, आता आमचे लाड करावे लागतील" म्हणत होत्या. एवढ्या प्रेमानं माझं नाव घरातही कुणी घेतलं नव्हतं, हे खरं सांगते. गोटीराम हात पुढे करून उभा होता. मी हात दिला आणि चालत गेले. पाणी गळ्याशी आलं तरी दम लागत नव्हता. मला वाटतं मी श्वास घेणं बंद केलं होतं.

तेव्हा काठावरून आजीचा आवाज आला. "गोट्या."

तू तिला काखेत धरून वाळूतून ओढत आणत होतीस. वॉकर वाळूत रुतून बसला होता. मला तू दिसलीस, पण तू कोण ते आधी कळलं नाही. एवढंच वाटलं की ही बाई रडतेय.

गोटीरामनं वळून बघितलं. मला विचारलं, "ही माय कोण शे?"

त्यानं तिला ओळखलं नाही, ताई. कसं ओळखणार? तो सतरा वर्षांच्या मुलीला ओळखत होता.

आजीनं ते ऐकलं. ती थोडी हलली, तू तिला सावरलंस. मग म्हणाली, "गोट्या, मी कुसा शे."

आसरा उठून उभ्या राहिल्या. पाणी स्थिर झालं, पक्ष्यांचे आवाज थांबले. पहिली म्हणाली, म्हातारे, हा आमचा भाऊ आहे, इथे आज लग्न आहे, पाहुणी म्हणून आली असशील तर बस.

"मी पाहुणी नाही," आजी म्हणाली. तुला आठवत असेल, हे तिनं ओरडून म्हटलं. "तुनी उष्टी हळद मना आंगले लागेल शे, गोट्या. पहिली मनी शे. ती उतरल्याशिवाय दुसरी कशी लावतस?"

मला वाटलं त्या हसतील. कुणी हसलं नाही. सातही जणी एकमेकींकडे बघू लागल्या. बायकाच त्या, ताई, हळदीचा नेम त्यांनाही मोडता येईना. त्यातली सगळ्यात धाकटी वाटणारी म्हणाली, मग तू ये आत. तुलाच वहिनी करू. इथे आलीस की पुन्हा सतरा वर्षांची होशील.

मी आजीकडे बघितलं. मनात म्हटलं, ती येणार. कोण नाही येणार? दुखणारा खुबा, पत्र्याचं घर, एकटेपणा, आणि समोर हा.

"नको," आजी म्हणाली. "माझी वर्षं मी जगले. मला ती टाकायची नाहीत. त्यानं यावं इकडं."

गोटीरामनं माझा हात दोन्ही हातांनी धरला. "पूजा, सोडू नको," म्हणाला. "तठे मना वरीस उभा शेतस." मला पहिल्यांदा ती दिसली. वाळूवर, आजीच्या मागे, उन्हात हवा हलते तशी, एकामागं एक, खूप. त्याची वाट बघत होती.

याच वेळी तू पाण्यात उतरलीस आणि माझ्या कमरेला मिठी मारलीस. तुला वाटतं की तू मला ओढून काढलंस. तू ओढत होतीस तेव्हा मी जागची हलत नव्हते, खडकासारखी होते. मला तुझे हात जाणवत होते आणि त्याचेही. तू माझ्या पाठीला तोंड लावून काहीतरी म्हणत होतीस, आणि मला ऐकू आलं ते एवढंच, "चुकलं माझं, तुला सांगायला हवं होतं, चुकलं."

मी त्याच्याकडे बघितलं. इतका देखणा. त्याला मी हवी होते, हे खरं आहे. पण भीतीपोटी हवी होते. कुणीही चाललं असतं, जिचा हात धरून तिथेच राहता येईल अशी. आणि जिला तोच हवा होता, दुसरा कुणी नको होता, ती बाई वाळूत उभी होती.

मी हात सोडला. तू नाही, मी.

त्यानं हाक मारली, ती मी सांगणार नाही. तू मला फरफटत काठावर नेत होतीस, मी मागे बघत होते. त्याला आता धरायला काही राहिलं नव्हतं. तो पाण्यातून चालत आला. वाळूवर पहिला पाय ठेवला तेव्हा केस पांढरे झाले. मग खांदे वाकले. दात गेले. हाताची कातडी लोंबली. तो रडत चालत होता, पायाला चटके बसत असताना लहान मूल चालतं तसा, आणि आजी म्हणत होती, "ये, ये, झालं, थोडंच राहिलं." तिच्यापर्यंत पोचला तेव्हा तो तिच्या वयाचा होता. तिनं पदरानं त्याचं तोंड पुसलं. तो म्हातारा तुला तिथून पुढे दिसला.

तू गेल्यावर मी पंधरा दिवस तिथेच होते. दोघांचं करायला कुणीतरी हवं होतं. गावात बोलबाला झाला. कुणी म्हणालं वेडा बैरागी आहे, कुणी म्हणालं म्हातारपणी कुसाबाईला थेर सुचले. आजी प्रत्येकाला एकच सांगते, "मना घरवाला शे." रंगूबाईनं त्याच्या डोळ्यावरचा तीळ बघितला, घरी गेली आणि पुरणपोळ्या घेऊन आली. आता कुणी विचारत नाही.

तो पंख्याला घाबरतो. खाटेवर भिंतीला टेकून बसतो आणि आजी स्वयंपाक करते ते बघत राहतो. तीही बसून भाकरी थापते आणि मधूनच त्याच्याकडे बघते. एकमेकांशी फार बोलत नाहीत. पण दुपारी तो झोपला की ती त्याच्या तोंडावरची माशी वारत बसते. मी तिला म्हटलं, आजी, तूही झोप. ती म्हणाली, "पन्नास वर्षं झोपलीच की."

माझ्याकडे तो बघत नसे. मी चहा दिला की मान खाली घालून घ्यायचा. निघायच्या दिवशी मी पाया पडायला गेले, तेव्हा माझ्या डोक्यावर हात ठेवला. हात गरम होता. "सुखी ऱ्हाय, पोरी," म्हणाला.

पोरी, ताई.

मी बसमध्ये सटाण्यापर्यंत तोंडावर ओढणी घेऊन रडले. शेजारच्या बाईनं विचारलं, कुणी गेलं का? काय सांगू? गेलं कुणीच नाही. उलट एक माणूस परत आलंय. मला सुतक पाळता येत नाही, आणि मम्मी विचारते, चेहरा का उतरलाय. म्हणून तुलाच लिहितेय, तुझ्याशिवाय हे कुणाला माहीत नाही.

पप्पांना कळलं की तू नामपूरला आली होतीस. आजीनंच गावातून फोन करवून सांगितलं. काल जेवताना मम्मीकडे बघत म्हणाले, "आखाजीला यायचं तर सरळ घरी यायचं. नामपूरला कशाला?" मम्मी उठून आत गेली. मी म्हटलं, दोघांनी यायचं का? ते म्हणाले, "भात वाढ." ते नाही म्हणाले नाहीत.

आता शेवटचं. भाकरीला चव थोडी थोडी परत येतेय, मीठ कळतं. नखं वाढली तशी अर्धी हळद कापली गेली. पण केस अजून वाळत नाहीत. आणि दुपारी बारा वाजता टाकीत पाणी पडायला लागलं की न्हाणीघरातून बोलण्याचा आवाज येतो. त्यांचा भाऊ गेला, पण त्यांच्या हिशेबी मला बांगड्या भरलेल्या आहेत. त्या चिडलेल्या नाहीत. समजुतीनंच बोलतात. काल विचारत होत्या, वहिनी, आम्ही माहेरी कधी यायचं?

तू वल्लरीकडे कुरकुर केली होतीस ना, की लातूरला नळाला चार-आठ दिवसांनी पाणी येतं, आणि गावाजवळ धड नदीही नाही?

मी शनिवारच्या एसटीनं येते. रोहितदादांना सांगून ठेव, मला बरेच दिवस राहायचं आहे.

पूजा